'भरपाई' गेली, 'रक्कम' आली : फरक पडला का?

कृष्णाकाठ
आजोबांच्या ट्रंकेत भूसंपादनाचा निवाडा आहे. दोन एकर जिराईत, बांधीव विहीर, आंब्याची सहा झाडं, प्रत्येकापुढे आकडा. पैसे कमीच होते, पण झाड न् झाड मोजलं होतं. भरपाई म्हणजे हेच, जेवढं गेलं तेवढं भरून देणं. सरकारने मालमत्ता घेतली तर काय द्यायचं हे सांगणाऱ्या संविधानाच्या कलम ३१(२) मध्ये हाच शब्द होता. १९७१ च्या २५व्या घटनादुरुस्तीने तो काढून 'रक्कम' घातला. रकमेला कसलं मोजमाप? सरकार ठरवेल तो आकडा! माझ्या मते हक्कच गेला.

कोर्टाची पायरी
नाही पटत. तो निवाडा १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालचा असणार, आणि तो कायदा दुरुस्तीनंतरही बाजारभावच देत राहिला. शब्द बदलला तो बँकांमुळे. १९६९ मध्ये १४ बँका सरकारने घेतल्या, १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाईच्या मुद्द्यावरही तो बँका घेण्याचा कायदा पाडला. मोठ्या भागधारकांचं समाधान होईपर्यंत देशाने थांबायचं का? शिवाय कलम ३१अ वाचा. सीलिंगच्या (कमाल जमीनधारणेच्या मर्यादेच्या) आतली, स्वतः कसलेली जमीन घेतली तर बाजारभावापेक्षा कमी देता येत नाही. १९६४ पासून.

कृष्णाकाठ
३१अ मान्य, ते माझ्या लक्षात नव्हतं. पण गावठाणातलं घर? सुताराचं दुकान? ती कसलेली जमीन नव्हे.

कोर्टाची पायरी
घटनादुरुस्त्यांना आव्हान देणाऱ्या १९७३ च्या केशवानंद खटल्यात सुप्रीम कोर्टात 'रक्कम' टिकली, तरी ती नुसती दिखाऊ चालणार नाही असं न्यायाधीशांनी बजावलं होतंच.

फळा-खडू
दिखाऊ नसणं आणि पुरेसं असणं यात किती अंतर आहे, ते जमीन गेलेल्याला विचारा. आणि पुढे काय झालं? १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने कलम ३१च वगळलं. संपत्ती मूलभूत हक्क राहिली नाही. कायद्याशिवाय कुणाची संपत्ती काढून घेता येणार नाही, एवढंच सांगणाऱ्या नव्या कलम ३००अ मध्ये भरपाईचा उल्लेखही नाही.

कोर्टाची पायरी
पण ती त्यात गृहीत आहे, असं २०११ मध्ये कोर्टाने सांगितलं. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने तर गावाकडे बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळतो. मग अडलं कुठे?

कृष्णाकाठ
कायदा साध्या बहुमताने बदलतो. संविधानाला हात लावायचा तर दोन तृतीयांश लागतात. म्हणून मला तो शब्द तिथेच परत हवा, अधिकाऱ्याला बांधावर येऊन झाडं मोजायला लावणारा.