बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो, पीसी चालू होत नाही

घाटमाथा (प्रश्न)

असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), वेगळं ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. काल लाइट दोन-तीनदा गेली-आली, तेव्हापासून बंद. मदरबोर्डवरचा छोटा दिवा लागतो. बटण दाबलं की सीपीयूचा पंखा जरासा हलतो आणि थांबतो, परत दाबलं तर काहीच नाही. मागचा स्विच मिनिटभर बंद ठेवून लावला की पुन्हा तेच. दुकानदार न बघताच एसएमपीएस बदला म्हणतोय. बदलावा का? मल्टिमीटर आहे.

जांभळी_वायर

इतक्यात नको. दिवा लागतोय म्हणजे ५ व्होल्टचा स्टँडबाय (पीसी बंद असतानाही येणारा) पुरवठा येतोय. पंखा हलला म्हणजे बटणही ठीक आहे आणि एसएमपीएसला सुरू होण्याचा इशाराही पोचतोय. सुरू होताक्षणी त्याला कुठेतरी शॉर्ट दिसतो आणि तो स्वतःला बंद करून घेतो. एकदा असा ट्रिप झाला की मेन सप्लाय काढल्याशिवाय तो पुन्हा प्रयत्न करत नाही, म्हणून दुसऱ्यांदा बटण दाबून काही होत नाही.

आता शॉर्ट एसएमपीएसच्या आत आहे की बाहेर, हे शोधा. मागचा स्विच बंद करा, मदरबोर्डवरचा दिवा पूर्ण विझू द्या, मगच एक वस्तू काढा आणि बटण दाबून बघा. दर वेळी हेच. क्रम असा ठेवा: आधी हार्ड डिस्क आणि एसएसडीच्या पॉवर केबल, मग ग्राफिक्स कार्ड (स्लॉटमधूनही बाहेर), मग समोरच्या यूएसबीची केबल, शेवटी सीपीयूची ८ पिनी पॉवर केबल. डेटा केबल काढून उपयोग नाही, पॉवरचीच काढायची. ८ पिनी काढल्यावर पंखा फिरत राहिला, तर सीपीयूला वीज देणाऱ्या भागातला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा छोटा घटक) शॉर्ट असण्याची शक्यता जास्त. तिथे मदरबोर्ड दुरुस्तीलाच द्यावा लागतो.

नारंगी_टोक

सगळं काढूनही ट्रिप होत असेल तर एसएमपीएस एकटा तपासा. सप्लाय बंद असताना २४ पिनी (मदरबोर्डची मुख्य पॉवर केबल) बोर्डातून काढा आणि हिरवी वायर शेजारच्या काळीला यू-पिनने जोडा. सगळ्याच वायरी काळ्या असतील आणि कनेक्टर २०+४ असेल, तर सुट्या होणाऱ्या चार पिनांच्या विरुद्ध टोकापासून मोजा: खटक्याच्या बाजूच्या ओळीतली चौथी आणि पाचवी. कॅबिनेटचा एखादा पंखा मोलेक्सला (एसएमपीएसच्या चार पिनी कनेक्टरला) लावून ठेवा, काही जुने एसएमपीएस लोडशिवाय उठत नाहीत. मग स्विच लावा आणि मोलेक्सवर मोजा. पिवळी-काळी ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल-काळी ४.७५ ते ५.२५.

नुसता पंखा फिरला म्हणून एसएमपीएस पास समजू नका. एवढ्याशा लोडवर बरोबर दिसणारा व्होल्टेज खऱ्या लोडवर कोसळू शकतो. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

घाटमाथा

पहिल्याच पायरीला सापडलं. हार्ड डिस्कची पॉवर केबल काढली आणि पीसी चालू झाला, विंडोजही उघडलं. केबल परत लावली की ट्रिप. म्हणजे डिस्क गेली? त्यात घरचे फोटो आहेत.

जांभळी_वायर

फोटो बहुधा शाबूत असतील. अशा ३.५ इंची डिस्कच्या सर्किटवर पॉवर सॉकेटजवळ साधारण दोन टीव्हीएस डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या लाइनवर, एक १२ च्या. व्होल्टेज चढला की ते शॉर्ट होतात आणि बाकीचं सर्किट वाचवतात. डिस्क पूर्ण सुटी करून मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि प्रत्येक डायोडच्या दोन टोकांवर मोजा. जवळपास शून्य ओहम दाखवेल तो गेला. मोबाइल दुरुस्तीवाल्यालाही तो काढता येतो. काढल्यावर डिस्क बहुधा चालते, पण आता तिला संरक्षण नाही. आधी फोटो उतरवा आणि मग ती डिस्क रोजच्या वापरात ठेवू नका. दुसऱ्या डिस्कचं सर्किट आणून लावायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. प्रत्येक डिस्कची स्वतःची माहिती बहुतेक सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये असते आणि ती चिप हलवल्याशिवाय बहुतेक डिस्क ओळखल्या जात नाहीत.

नारंगी_टोक

डायोड काढलेली डिस्क या एसएमपीएसला लावण्याआधी वर सांगितलेले दोन्ही व्होल्टेज पीसी चालू असताना, सुट्या मोलेक्सवर मोजा. डायोड कशामुळे गेला हे अजून कळलेलं नाही. लाइट येताना याच एसएमपीएसने जास्त व्होल्टेज सोडला असेल, तर पुढच्या वेळी डिस्कला वाचवायला काही नसेल. फोटो उतरवताना शक्यतो दुसऱ्या पीसीला लावा. आणि एसएमपीएस बदललाच तर मॉड्युलर (एसएमपीएसमधून सुट्या होणाऱ्या) केबलही नव्याच वापरा. एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम प्रत्येक मॉडेलचा वेगळा असू शकतो. जुनी केबल खटकन बसते, पण ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊ शकतात.