एकाच नाट्यपदाच्या तीन पट्ट्या: खरी कोणती धरायची?

मोरपंखी

मंडळी, आमच्या टोळक्याने जुन्या नाट्यपदांची वही करायला घेतली आहे. पदापुढे नाटक, राग, ताल आणि मूळ गायकाची पट्टी (त्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर आहे ती), एवढंच लिहायचं. पहिल्या तीन गोष्टी सोप्या, नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग, ताल, चाल दिलेली असतेच. घोडं पेंड खातंय ते पट्टीवर.

उदाहरण देतो. एकच मुद्रण, तीन प्रती. ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी ७८ने वाजवली की सा १४३.५ हर्ट्झ येतो, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन या पेटीच्या शेजारच्या सुरांच्या मधोमध लोंबकळतो. कंपनीच्या संकलनाच्या कॅसेटवर तोच सा १४०.५. नेटवरच्या प्रतीत १४७. तबकडी दहा इंची, गायक पुरुष, साथीला ऑर्गन आणि तबला. आवाजावरून मायक्रोफोनशिवाय, भोंग्यासमोर मुद्रित झालेली वाटते.

वहीत काय लिहायचं? आणि लय इतकी पळती आहे की तबकडीच जोरात फिरतेय अशी शंका येते. कुणी उलगडून सांगेल का?

पायपेटी

आधी ते ७८चं खूळ डोक्यातून काढा. भोंग्याच्या काळात, म्हणजे १९२५च्या आधी, वेगावर कुणाचाही एकमेकांशी मेळ नव्हता. सत्तरीच्या मध्यापासून ऐंशीच्या थोडं वरपर्यंत सगळं सापडतं. ७८ हा आकडा पुढे हळूहळू रुळला.

आता हिशेब. एक पट्टी चढायला वेग जवळपास ६ टक्के वाढावा लागतो. ७६ची तबकडी ८०ने वाजवलीत तर सूर साधारण ९० सेंट (एका पट्टीचे शंभर सेंट) वर जातो, म्हणजे काळी एकची पांढरी दोन व्हायला थोडंच कमी. त्यामुळे तीन प्रतींत तीन पट्ट्या निघाल्या यात आश्चर्य काहीच नाही.

तुमच्या पदाला ऑर्गनची साथ आहे हे नशीब. ऑर्गनचा सूर पिळून वरखाली करता येत नाही, गायकाला कुठल्या तरी पट्टीवर बसावंच लागतं. तेव्हा उमेदवार दोनच. काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ. १३८.६ भागिले १४३.५ गुणिले ७८, उत्तर ७५.३. पांढरी दोन म्हणजे १४६.८, त्याचं उत्तर ७९.८. दोन्ही वेग त्या काळात शक्य आहेत, पण ८०च्या इतकं जवळ उत्तर येतंय तर माझा कौल पांढरी दोनला. नेटवर टाकणाऱ्यानेही बहुधा हाच हिशेब केलाय, त्याचा १४७ उगाच आलेला नाही.

एक खोच आहे. त्या काळचे ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाने (पांढरी सहा ४४० ला) मिळवलेले असतीलच असं नाही. ४५२ ने मिळवलेला ऑर्गन असेल तर सगळे सूर ४७ सेंट वर, म्हणजे अर्धी पट्टी! म्हणून नुसत्या ऑर्गनवर निकाल देऊ नका, दुसरा पुरावा लागतो. तबकडीची दुसरी बाजू वाजवा. दोन्ही बाजू बहुतेक वेळा एकाच बैठकीच्या असतात, वेगाचा दोषही तोच असतो. दुसऱ्या बाजूचा सा वेगळ्याच ठिकाणी पडला तर गायकाने पट्टी बदलली किंवा बैठक वेगळी, दोन्ही बाजूंचा हिशेब स्वतंत्र करायचा.

आगाऊ अंतरा

लयीबद्दल. पळती लय हा वेग चुकल्याचा पुरावा धरू नका, इथे भलेभले फसतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन ते साडेतीन मिनिटं मिळायची. रंगभूमीवर वन्समोर घेत घेत पंधरा-वीस मिनिटं रंगणारं पद त्यात कोंबायचं म्हणजे लय चढवायची, एखादा अंतरा गाळायचा आणि ताना आवरत्या घ्यायच्या. गायकाने ते खरंच तसं गायलेलं आहे. लय 'बरोबर' करायला वेग उतरवलात तर आवाज रेड्यासारखा जड होतो आणि पट्टीचा खून होतो.

दुसरा सापळा स्त्रीभूमिकांचा. बालगंधर्वांची तबकडी लावून 'नायिकेचा आवाज वाटत नाही' म्हणून वेग वाढवणारे लोक आहेत. अहो, ते पुरुषाच्याच पट्टीत गाताहेत. पात्र कोण आहे यावरून पट्टी ठरवू नका, गायक कोण आहे ते बघा.

भोंगा

मोरपंखी, सा मोजला कसा ते लिहिलं नाहीस. तबकडी भोंग्यासमोरची असेल तर १४३ हर्ट्झचा मूळ स्वर तिच्यात जवळपास नसतोच. भोंगा साधारण अडीचशेच्या खालचं फारसं पकडत नाही. कानाला सा ऐकू येतो तो वरच्या हार्मोनिकांवरून, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट सुरांवरून. म्हणून आलेखात १४३च्या जागी जो उंचवटा दिसतो तो टर्नटेबलची घरघरही असू शकते.

असं कर. ऑर्गन एकटा वाजतोय किंवा गायक सा वर थांबलाय असा एखाददोन सेकंदांचा तुकडा निवड. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघड आणि आकारमान ६५५३६ ठेव. तुकडा त्याहून लहान पडला तर ३२७६८ वर भागव. चौथा हार्मोनिक शोध, तुझ्या आकड्याप्रमाणे तो ५७४च्या आसपास हवा. आलेला आकडा चाराने भाग. मोजण्यातली चूकही चाराने भागली जाते, हा फायदा. गायकाच्या आंदोलित स्वरावर किंवा मींडेवर मोजू नकोस, ते पाच-दहा हर्ट्झ सहज हलतात.

हे पदाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा करायचं. मुद्रण करणारं यंत्र वजनावर किंवा स्प्रिंगवर चालायचं, त्यामुळे काही तबकड्यांत वेग बाजूभर सरकत जातो. पहिल्या आवर्तनाला १४३.५ आणि शेवटी १४५ असं दिसलं तर एकच आकडा लावून भागणार नाही.

आणि शेवटच्या खोबणीपर्यंतचा भाग ऐकलास का? फार जुन्या तबकड्यांत गायक पद संपल्यावर स्वतःचं नाव सांगतो. वेग ठरवायला याहून चांगला पुरावा नाही. गाण्यात पट्टी वरखाली झालेली कान खपवून घेतो, पण बोलण्याचा वेग चुकला की लवकर खटकतं.

कोरस

मध्येच विचारतो. आमच्या टर्नटेबलला ३३ आणि ४५ एवढेच वेग आहेत. ४५ने वाजवून संगणकावर पळवलं तर चालेल?

लाखेची तबकडी

चालेल, पण दोन गोष्टी सांभाळून.

पहिली सुई. एलपीच्या सुईचं टोक ०.०१८ ते ०.०२५ मिमी, ७८ला ०.०७५ मिमीच्या आसपास लागतं. बारीक सुई रुंद खोबणीच्या तळाशी घासत जाते, गाणं भिंतींवर कोरलेलं आणि ही तळातला कचरा वाचतेय. खरखर त्यामुळेच जास्त येते, 'रेकॉर्ड झिजली' म्हणून तिच्या नावाने बोटं मोडण्याआधी सुई बघा. बऱ्याच काडतुसांना (सुई बसते तो भाग) ७८ची वेगळी सुई मिळते, नुसती सुई बदलायची. सुईवरचा भार बनवणाऱ्याने सांगितलेला, बहुधा ३ ते ५ ग्रॅम.

दुसरी गोष्ट प्रीअँप. आजच्या फोनो इनपुटमध्ये (टर्नटेबल जोडायची जागा) रिआची (RIAA) वक्ररेषा असते, ती १९५४ च्या सुमाराची. ती खालचे स्वर उचलते आणि १०,००० हर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापते. भोंग्याच्या तबकडीला असलं काही लागत नाही, वरून घरघर मात्र चांगली फुगते. ४५ने वाजवलंत तर आणखी घोळ, कारण वक्ररेषा भलत्याच स्वरांवर बसते. उपाय: आवाज जसा येतो तसा घ्या, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सर्वांत उंच टोक उणे ६ डेसिबलच्या खाली. मग आधी रिआ उलटवा, नंतर वेग ७८ भागिले ४५ म्हणजे १.७३३३ पट करा. क्रम उलटा झाला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि का ते कळत नाही.

स्टिरिओ काडतूस असेल तर दोन्ही बाजू मिळवून मोनो करा. ७८चं गाणं आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतली बरीच खरखर बेरजेत आपोआप खोडली जाते. पण बेरीज करण्याआधी डावी आणि उजवी वेगवेगळी ऐका. कधी कधी खोबणीची एकच भिंत खराब असते, तेव्हा दुसरी एकटीच वापरावी.

धुण्याबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो: लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, सौम्य भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेने, लेबल कोरडं. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुऊन लगेच टिपा आणि उभी वाळवा. भिजत घालायची नाही.

पायपेटी

कॅसेटचं राहिलं. कंपनीच्या संकलनात १४०.५ येतोय म्हणजे तबकडीपेक्षा २ टक्के खाली. यात दोन दोष मिसळलेले असू शकतात: तुमचा डेक हळू चालतोय, किंवा कंपनीने ७८वरून टेपवर घेतानाच वेग चुकवलाय. वेगळं करायला त्याच डेकवर एखादी खात्रीची कॅसेट लावा. मत्स्यगंधा (१९६४) किंवा कट्यार (१९६७) नंतरच्या काळातलं, टेपवर मुद्रित झालेलं पद घ्या, सीडीवर असलेल्या प्रतीशी ताडून बघा. ते बरोबर निघालं तर डेक निर्दोष. आणि संकलनातल्या एका पदाला निघालेली दुरुस्ती पुढच्या पदाला डोळे झाकून लावू नका, प्रत्येक पद वेगळ्या तबकडीवरून आलेलं आहे.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं पडून थर चिकटलेले असतात. दबका आवाज आणि बोथट 'स', 'श' ऐकू आले तर हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून सर्वांत तल्लख आवाज येईल तिथे सोडा. डॉल्बी (डेकवरची खरखर दाबायची सोय) बंद.

आगाऊ अंतरा

रेडिओवरून उतरवलेल्या कॅसेटी असतील तर ऑर्गनची युक्ती चालेलच असं नाही. आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीस वर्षं पेटीला बंदी होती. सारंगी किंवा व्हायोलिन गायकाला हवं तिथे मिळवतात, पट्टीचा बंधनकारक पुरावा मिळत नाही.

तिथे विजेची गुणगुण शोधावी. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा. शांत जागा निवडून स्पेक्ट्रम काढला की ५० आणि १०० जवळ टोकं दिसतात. बरेचदा दोन शेजारी शेजारी असतात: बरोबर ५०.० वरचं तुमच्याच डेकचं, ते सोडून द्या. दुसरं ५१.३ वर असेल तर ते मूळ टेपमधलं, आणि टेप अडीच टक्के कमी वेगाने वाजवायला हवी. अर्थात पूर्वी आपल्याकडे वारंवारताही खालीवर व्हायची, तेव्हा टक्काभराची ढिलाई धरून चाला.

मोरपंखी

कमाल केलीत सगळ्यांनी. भोंगा, तुझ्या पद्धतीने सुरुवातीला ५७४.४ आणि शेवटी ५७३.८, म्हणजे वेग सरकलेला नाही. दुसऱ्या बाजूचाही सा तिथेच. आणि हो, शेवटी गायक नाव सांगतो! ८०च्या हिशेबाने बोलणं अगदी साधं, माणसासारखं वाटतं. ७५ केलं की झोपेतून उठल्यासारखं.

मग पांढरी दोन लिहू ना? आणि ऑडॅसिटीत 'चेंज पिच' वापरायचं ना?

भोंगा

पांढरी दोन लिही, पुढे कंसात 'तबकडी ८०' लिही, म्हणजे उद्या कुणाला वाद घालायचा तर हिशेब समोर राहील.

'चेंज पिच' नको. त्याने सूर चढतो आणि लय तशीच राहते, आवाजात धातूसारखी किणकिण शिरते ती वेगळीच. दोष वेगाचा आहे, सूर आणि लय दोन्ही एकत्रच सरकायला हवेत. 'चेंज स्पीड अँड पिच' घे, टक्केवारी अधिक २.३. खरखर काढायची असेल तर टकटक आधी, वेग नंतर, आणि हिस काढायचं बटण अगदी हलक्या हाताने. ऑर्गनचे वरचे स्वर आणि खरखर एकाच जागी राहतात, जास्त पुसलंस तर गायक घशाला पट्टी बांधून गातोय असं वाटेल. मूळ न छेडलेली फाइल वेगळी ठेव, नावात तबकडीचा मॅट्रिक्स क्रमांक (त्या मुद्रणाचा कंपनीचा क्रमांक) टाक. लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला असतो, टॉर्च तिरका धरला की दिसतो.