ब्रुसेल्सची पाटी आणि खडेबाजार

टिळकवाडीकर:
महिनाभर ब्रुसेल्सला लेकीकडे राहून परवा आलो. तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर निळी पाटी आहे, रस्त्याचं नाव फ्रेंच आणि डच दोन्हीत, अक्षरं एकाच मापाची. शहरात फ्रेंच बोलणारेच जास्त, तरी डच अक्षरं कुणी बारीक केलेली नाहीत. मला आपल्या बेळगावचा खडेबाजार आठवला आणि पोटात कालवलं. आपल्याकडे कर्नाटकात २०२४ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं. कन्नड हवंच. पण शेजारी तेवढीच मराठी असली तर कन्नडचं काय कमी होणार?

शहापूरकर:
काका, राग मानू नका, पण त्या पाटीच्या पलीकडचंही सांगायला हवं होतं. ब्रुसेल्सबाहेर बेल्जियमच्या उत्तर भागात डच, दक्षिण भागात फ्रेंच. ती रेघ १९६२ च्या कायद्याने आखली. लूव्हेनचं जुनं विद्यापीठ १९६८ मध्ये भाषेवरून फुटलं, फ्रेंच विभागासाठी नवं गाव वसवावं लागलं. बहुतेक राजकीय पक्षसुद्धा भाषेप्रमाणे वेगळे. २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस सरकार बनलं नाही. इथं माझी आई घरात मराठी बोलते, दारात भाजीवाली आली की कन्नडात घासाघीस करते. अक्षरं मोजायला लागलो की हेच जाईल, अशी भीती वाटते मला.

खानापूरची सून:
भाजी घेताना पाटी लागत नाही हो दादा, कचेरीत कागद लागतो. सासरे गेल्यावर शेताला वारस लावायचे होते. उतारा कन्नडात. सासूबाई चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या. कन्नड फाडफाड बोलतात, वाचता येत नाही. शेजारच्या कन्नड मास्तरांनी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवला, तेव्हा कळलं, धाकट्या दिरांचं नावच गाळलंय. मास्तर भले म्हणून निभावलं. नाहीतर सासूबाई अंगठा देऊन मोकळ्या झाल्या असत्या.

टिळकवाडीकर:
ताई, हेच म्हणायचं होतं मला. शहापूरकर, लूव्हेनचं खरं आहे. ब्रुसेल्सहून गाडीत बसलो तेव्हा सूचना दोन्ही भाषांत होती, हद्द ओलांडल्यावर गार्ड नुसतं डच बोलायला लागला. तसलं मलाही नको. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत देता येतो. उतारा मराठीतही मिळावा म्हणून अर्ज केला, तर सही कराल?

शहापूरकर:
उताऱ्यासाठी करतो की, आजच. पाटीच्या मापासाठी नाही. आणि काका, अर्ज दोन्ही भाषांत लिहूया. कन्नड मजकूर मी लिहून देतो.