आईच्या हिरडीवर पांढरा चट्टा, मिशरीमुळे की आणखी कशाने?

गोदाकाठ (पैठण):
आई साठीच्या पुढची. खालच्या ओठाच्या आत, पुढच्या दातांखाली हिरडीवर नखाएवढा पांढरट चट्टा दिसतोय. दुखत नाही, फक्त ठेचा खाल्ला की चुरचुरतं म्हणते. मिशरी लावते, अगदी लग्नाआधीपासून. तंबाखू तव्यावर स्वतः भाजते, घरभर ठसका. पण ‘तंबाखू सोड’ म्हटलं की चिडते, ‘मी कुठं तंबाखू खाते?’ तिच्या हिशेबात मिशरी दात घासण्यात जमा. शेजारच्या काकू म्हणतात उष्णता आहे, जाईचा पाला चावा. दम्याचा पंपही चालू आहे. कशामुळे झालं असेल?

दंतवैद्य_ताई:
पंपाचं लिहिलंत ते बरं केलंत. त्यात स्टेरॉइड असेल आणि ओढल्यावर चूळ भरत नसतील तर तोंडात बुरशी धरते. मधुमेह असेल तर आणखी सहज. पण ती बहुधा जिभेवर, टाळूवर दह्याच्या कवडीसारखी दिसते आणि ओल्या फडक्याने पुसली तर निघते, खाली लाल दिसतं. स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून हलकेच पुसून बघा, खरवडू नका.

निघाला नाही तर माझा संशय मिशरीवरच. चट्टा नेमका ती ठेवायच्या जागी आहे. याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. लायकेन प्लॅनस नावाच्या दुसऱ्या आजाराचा चट्टाही पांढरा असतो, पण बहुतेकदा जाळीदार आणि दोन्ही गालांत. ल्युकोप्लाकियाचे बरेचसे चट्टे कॅन्सरपर्यंत जात नाहीत. कोणता जाईल हे मात्र नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही, म्हणून बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणं. आणि न दुखणं ही खुशालीची खूण नव्हे. दोन आठवड्यांवर राहिलेला चट्टा दाखवायचाच.

मीनाक्षी_लातूर:
आमच्या सासूबाईंना ‘तुकडा काढला की पसरतं’ म्हणून कुणीतरी घाबरवलं होतं. तसं काही नसतं. जागेवर भूल, एखाददुसरा टाका, संध्याकाळी मऊ भात. मिशरी सोडवायला १८०० ११ २३५६ वर फोन करा, मोफत आहे.

गोदाकाठ:
पुसून पाहिलं, निघत नाही. सोमवारी संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयात नेतोय. पंप बरोबर नेऊ?

दंतवैद्य_ताई:
न्या. मिशरीची डबीही न्या. ‘तंबाखू खाता का’ विचारलं की आई नाहीच म्हणणार.