ओपनस्टॅकला दोनच कंट्रोलर ठेवले तर एचए होईल का?

जळगाव_सर्व्हररूम
राम राम मंडळी. एमआयडीसीत आमचं ओपनस्टॅक (स्वतःचा क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर) आहे, एक कंट्रोलर (सगळा कारभार पाहणारं मशीन) नि चार कंप्युट (व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी मशीनं), सगळं कोला-अँसिबल या इन्स्टॉलरने टाकलेलं. साहेब म्हणता, कंट्रोलर बसला तर सगळंच बसेल, एचए करा (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे एक मशीन पडलं तरी काम चालू राहावं), पण मशीन एकच जास्तीचं मिळेल. दोन कंट्रोलर आणि वर कीपअलाइव्हड (एक पडला की सामायिक आयपी दुसऱ्यावर नेणारा), एचएप्रॉक्सी (येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा), एवढ्यात भागेल का?

भुसावळकर
नाही भो. व्हीआयपी, म्हणजे तो सामायिक आयपी, दोनावर मस्त फिरेल, घोडं अडतं डेटाबेसपाशी. मारियाडीबी डेटाबेस सगळ्या नोडवर (मशीनवर) सारखा ठेवणाऱ्या गॅलेराला निम्म्याहून जास्त नोडची मतं लागता, दोघांतली लिंक तुटली की एकेक मत दोघांकडे, मग दोन्ही नोड क्वेरी घेणंच सोडून देता, म्हणजे पैसे घालून दुखणं विकत घेतलं. तीन घे. चार घेऊन पण फायदा नाही, तिथेही एकच गेलेला चालतो. अगदीच नाही जमलं तर जुन्या पीसीवर गार्बडी (गॅलेराचाच छोटा प्रोग्रॅम) चालव, तो डेटा ठेवत नाही, नुसतं मत देतो.

तापीकाठ
गार्बडीने गॅलेरा निभेल, ओपनस्टॅकच्या भागांतले निरोप पोचवणाऱ्या रॅबिटएमक्यूचं काय? त्याच्या क्वोरम क्यूला (अनेक नोडवर प्रती ठेवणारी निरोपांची रांग) पण बहुमत लागतं, तिथे गार्बडी कामाचा नाही. त्यापेक्षा एखाद्या कंप्युटवरच तिसरा कंट्रोलर चढवा, कोलाच्या इन्व्हेंटरीत (मशीनांच्या यादीत) एकच होस्ट कंट्रोलर नि कंप्युट दोन्ही ग्रुपात चालतो.
आणि साहेबांना सांगा, कंट्रोलर गेला म्हणून चालू व्हीएम मरत नाहीत. नवीन बनत नाहीत, डॅशबोर्ड उघडत नाही, एवढंच. हां, न्यूट्रॉनचे (ओपनस्टॅकचा नेटवर्क भाग) राउटर कंट्रोलरवर असतील तर मात्र बाहेरचा ट्रॅफिक तुटतो, नि कोलात बहुतेक जण तसंच ठेवता.

भुसावळकर
अजून एक, तिघं एकाच यूपीएसवर नको. आपल्याकडे मे महिन्यात लाईटीचे हाल माहीतच आहेत. तिन्ही एकदम पडले तर गॅलेरा आपोआप उठत नाही, सगळ्यात पुढचा डेटा कोणत्या नोडवर आहे ते शोधून तिथूनच सुरू करावा लागतो, कोलाची मारियाडीबी रिकव्हरी कमांड ते करते. घाईत भलताच नोड आधी उठवला तर शेवटचे बदल गेलेच समज. आणि कीपअलाइव्हडचा व्हर्च्युअल राउटर आयडी (त्याच्या जोडीचा ओळख क्रमांक) कोलात डिफॉल्ट 51 असतो, त्याच नेटवर्कवर दुसरं कोणाचं कीपअलाइव्हड असेल तर बदल.

जळगाव_सर्व्हररूम
राउटर कंट्रोलरवरच आहेत 🙏 एक कंप्युट वळवतो मग, 128 जीबी रॅम आहे त्याला.

तापीकाठ
पुरेल, पण त्यातली 32 जीबी तरी नोव्हाच्या (व्हीएम सांभाळणारा भाग) रिझर्व्ह्ड होस्ट मेमरीत, म्हणजे मशीनसाठी राखीव, बाजूला काढा. डिफॉल्ट फक्त 512 एमबी आहे, नाहीतर शेड्युलर (कोणती व्हीएम कुठे टाकायची ते ठरवणारा) सगळी व्हीएमला वाटून मोकळा होईल आणि मारियाडीबी उपाशी.