पाणी संपल्याच्या गोष्टी वाचून नक्की कोण जागं होतं?

मांजराकाठची:
आमच्या सोसायटीत (पुणे, पूर्वेकडचा टँकरपट्टा, एवढं पुरे) कॉलेजच्या मुलांचा वाचनकट्टा चालतो. या वेळचा विषय 'डिस्टोपिया (म्हणजे भविष्यातल्या बिघडलेल्या, भयाण जगाच्या गोष्टी) आणि पाणी' असा ठरलाय आणि काय वाचायचं, बघायचं ते ठरवणं माझ्या गळ्यात पडलंय.

मागच्या बैठकीत 'लैला' या नेटफ्लिक्स मालिकेचा पहिला भाग दाखवला; २०४० नंतरच्या, पाणी दुर्मिळ झालेल्या भारताची गोष्ट. बघून झाल्यावर जवळपास प्रत्येकाचं एकच: "बापरे, २०४०-५० मध्ये खरंच असं होईल का?" मी लातूरची. २०१६ साली दहावीला होते. त्या मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लागलं होतं, पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन आणलेल्या. लोक स्टेशनवर फोटो काढायला गेले होते, मीही जाणार होते पण आईने घागरींच्या रांगेत उभं केलं.

पडद्यावर पाणी संपतं तेव्हा वाळवंट, मुखवटे, बंदुका असतात. आमच्याकडे फरशी पुसणं बंद झालं. भात धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासात. क्लासेससाठी खोली घेऊन राहिलेल्या मुलांना मालक सांगायला लागले, पाणी नाही, गावाकडं जावा. मामा-मामी येणार म्हणाले तर आईला "आत्ता नका येऊ" म्हणावं लागलं, आणि फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कुणाशी बोलली नाही. हे कुठल्याच मालिकेत नसतं.

तर प्रश्न असा, की या गोष्टींनी माणूस जागा होतो, की 'अजून पंचवीस वर्षं आहेत' म्हणून उलट निवांत होतो? आणि मुलांपुढे काय ठेवू? 'थेंब थेंब वाचवा' छापाचं नको.

टेबलफॅन:
कादंबरी वाचून कुणी शॉवर बंद केल्याचं पाहिलेलं नाही. टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये लावा, उद्यापासून सगळे बादलीवर येतील. विषय संपला.

वाळवंटातला_कोकणी:
टेबलफॅन, एवढ्यात नाही संपत हो.

मी चिपळूणकडचा. धो धो पाऊस आणि एप्रिलात विहिरीला तळ, हे लहानपणापासून पाहिलेलं. आता अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळ राहतो. इथल्यावर एक कादंबरी आहे, पाओलो बाचिगालुपीची 'द वॉटर नाइफ', २०१५ ची. कोलोरॅडो नदी आटत चाललीय आणि लास व्हेगासची पाणीसम्राज्ञी आपली माणसं पाठवून दुसऱ्या शहरांचं पाणी तोडते. सुरुवातीलाच एका गावाचं जलशुद्धीकरण केंद्र उडवतात, तेही आधी कोर्टाचा कागद दाखवून! फिनिक्समध्ये गरीब लोक लघवी गाळणाऱ्या पिशवीतून पाणी पितात आणि श्रीमंतांच्या बंदिस्त इमारतीत कारंजी उडतात. हाणामारी जरा जास्तच आहे, मी पानं उलटली. पण सगळा खेळ जुन्या पाणीहक्कांच्या कागदांवर चालतो आणि तो मात्र खरा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेत कायदाच तसा: ज्याने पाणी आधी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधी.

१ जानेवारी २०२३ ला इथल्याच स्कॉट्सडेल शहराने हद्दीबाहेरच्या रिओ व्हर्डे फूटहिल्स या वसाहतीच्या टँकरना पाणी भरू देणं बंद केलं. सुमारे पाचशे घरं, आणि झोपडपट्टी नव्हे, चांगले मोठाले बंगले. ॲरिझोनात सहा किंवा जास्त प्लॉट पाडायचे तर शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी दाखवावं लागतं. म्हणून तिथे पाच-पाचच प्लॉट पाडून विकले होते. लोक कागदी ताटल्यांत जेवायला लागले, पावसाचं पाणी संडासाला. कादंबरी आधी वाचलेली असल्यामुळे बातमी आली तेव्हा "दुष्काळ पडला का?" असं मी विचारलं नाही. "सही कुणी केली?" असं विचारलं.

निवृत्त_उपअभियंता:
भीती उपयोगी पडते, मात्र तिला तारीख लागते. केपटाउनने २०१८ च्या सुरुवातीला 'डे झिरो' जाहीर केला: अमुक दिवशी नळ बंद, मग रांगेत माणशी २५ लिटर. ती एका परीने महापालिकेनेच लिहिलेली डिस्टोपिया होती. २०१५ मध्ये शहर दिवसाला सुमारे १२० कोटी लिटर वापरत होतं, ते ५० कोटींच्या आसपास आलं. तो दिवस उजाडलाच नाही. अर्थात गरीब वस्त्यांमधले लोक आधीपासून सार्वजनिक नळावरच उभे होते, त्यांना त्या तारखेचं काय कौतुक.

मांजराकाठची:
काका, ते वस्त्यांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

कोकणी, तुमच्या "सही कुणी केली"मुळे 'लैला'बद्दलचं माझं मत जरा बदललं. घरच्या तलावात पोहणाऱ्या कुटुंबावर गुंड येतात तो प्रसंग आठवा. तिथे पाणी संपलेलं नाहीये, पैसेवाल्यांकडे आहे. मालिका आली २०१९ च्या जूनमध्ये. त्याच महिन्यात चेन्नईचे चारही मोठे जलाशय जवळपास कोरडे होते आणि जुलैत तिथेही जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तरी आमची मुलं २०४० ची काळजी करत बसली.

लातुरात तेच झालं. शहराला पाणी देणारं धनेगावचं धरण आटलं, पण त्याच्या खोऱ्यात ऊस उभा होता. महाराष्ट्रात लागवडीच्या ४ टक्क्यांच्या आसपास जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी पितो. तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, हे राज्याच्याच चितळे आयोगाने (जल व सिंचन आयोग) १९९९ मध्येच लिहून ठेवलंय. त्यावर कुणी डिस्टोपिया लिहील का? खलनायक साखरसम्राट, मुखवट्याची गरजच नाही. (लिहिणाऱ्याने टोपणनाव घ्यावं.)

ठरलं: 'वॉटर नाइफ'मधली हाणामारी वगळून निवडक प्रकरणं, आणि सोबत आमच्याच सोसायटीची टँकरची बिलं. पाणी कुठल्या विहिरीतून येतं हे मुलांनी टँकरवाल्याला विचारून यायचं. चेअरमन चिडणार आहेत.

टेबलफॅन:
बिलं आणताय म्हणजे माझंच ऐकलंत की.

वाळवंटातला_कोकणी:
ऑनलाइन ठेवणार असाल तर मी येतो. तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे पहाटेचे साडेपाच, चालेल.