टिशाला गाळलं, तिथेच 'गेम ऑफ थ्रोन्स' घसरली. पटत नसेल तर मांडा

धंतोलीचा वाचक

(मालिका शेवटपर्यंत पाहिली नसेल तर पुढे वाचू नका. सगळं उघड करून लिहिलं आहे.)

परवा नागपुरात फुटाळा तलावावर आम्हा जुन्या मित्रांचा पुन्हा तोच वाद झाला. आठव्या सीझननं मालिका बुडवली यावर सगळ्यांचं एकमत, आणि मी एकटा नाही म्हणत होतो. तिथल्या गोंगाटात नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

माझ्या मते मालिका २०१४ सालीच बिघडली होती, चौथ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये. २०१९ला ते सगळ्यांना दिसलं, एवढंच.

प्रसंग आठवा. देहदंडाची शिक्षा झालेल्या टिरियनला त्याचा थोरला भाऊ जेमी रात्री कोठडीतून सोडवतो. मालिकेत दोघे मिठी मारतात, निरोप घेतात, आणि टिरियन पळून जायचं सोडून बापाच्या खोलीकडे वळतो. का वळतो ते मालिका सांगत नाही. ज्यावरून मालिका बनली त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे २०००च्या 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्स'मध्ये, याच ठिकाणी जेमी एक जुनं ऋण फेडतो. टिरियन तेरा वर्षांचा असताना त्यानं टिशा नावाच्या एका गरीब शेतकऱ्याच्या पोरीशी चोरून लग्न केलं होतं. बापानं, टायविननं, ते मोडलं. ती पैसे देऊन आणलेली वेश्या होती, असं जेमीकडून वदवून घेतलं आणि पोरीला शिपायांच्या हवाली केलं. प्रत्येक शिपायानं तिला चांदीचं एक नाणं दिलं. शेवटी टिरियनलाही पाठवलं, पण सोन्याचं नाणं देऊन, कारण लॅनिस्टरांची, म्हणजे त्यांच्या घराण्याची, किंमत जास्त.

त्या रात्री जेमी कबूल करतो की ती वेश्या नव्हती. वाटेत भेटलेली साधी पोर होती, दिसली तशीच होती.

आता टिरियन जिना का चढतो ते कळतं. बापाला तो एकच प्रश्न विचारतो, टिशा कुठे गेली? आणि बापाच्या उत्तरात तोच जुना शब्द पुन्हा आला की धनुष्याचा चाप ओढतो.

हे मालिकेला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या सीझनच्या नवव्या एपिसोडमध्ये तंबूत बसून टिरियन स्वतः ही कहाणी त्याचा भाडोत्री सैनिक ब्रॉन आणि त्याची प्रेयसी शे, या दोघांना सांगतो. म्हणजे पेरणी झाली होती. पीक उभं असताना त्यावर नांगर फिरवला.

एक आठवण गाळली तर एवढं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण पुस्तकात त्या कबुलीनंतर भाऊ भावाचा राहत नाही. रागाच्या भरात टिरियन जेमीला सर्सीच्या, म्हणजे जेमीची जुळी बहीण आणि प्रेयसी असलेल्या राणीच्या, इतर संबंधांबद्दल सांगून टाकतो. ते शब्द जेमीच्या डोक्यात घोळत राहतात, म्हणून चौथ्या पुस्तकात, कैदेत पडलेली सर्सी 'ये, मला वाचव' असं पत्र पाठवते तेव्हा जेमी ते वाचून जाळायला देतो. बाहेर बर्फ भुरभुरत असतो. मालिकेतला जेमी शेवटी धावत सर्सीकडेच जातो, कारण त्याला तोडणारं वाक्य कुणी त्याला बोललंच नाही. आणि मालिकेतल्या टिरियनला चौथ्या सीझननंतर दारू पिणं आणि सल्ले देणं यापलीकडे काम उरलं नाही. आतली जखम काढून घेतली, मग माणूस काय करणार?

सक्करदरा चौक

नमस्कार काका. तुमचं म्हणणं पटून नाही राह्यलं जी.

मी पुस्तकं वाचली नाहीत, मालिका मात्र पहिल्यापासून पाह्यली. चौथ्या सीझनच्या त्या एपिसोडले आमच्या घरी कुणाले काहीच कमी वाटलं नाही. बापानं पोराले मारायचा हुकूम दिला, त्याची बाई आपल्या पलंगावर घेतली. माणसानं जिना चढायले अजून काय पाह्यजे?

बिघडलं ते घाईनं. आधीच्या सहा सीझनले दहा-दहा एपिसोड होते. सातव्याले सात केले, आठव्याले सहा. चॅनेल अजून द्यायले तयार होतं, बनवणाऱ्यांनाच गुंडाळायची घाई होती. पह्यल्या सीझनमध्ये उत्तरेतून राजधानीत पोहोचाले एपिसोडच्या एपिसोड लागत होते, सातव्यात माणूस एका सीनमध्ये इकडं अन् दुसऱ्यात तिकडं.

२९ एप्रिल २०१९ची सकाळ मी विसरणार नाही. अमेरिकेत रविवार रात्र, आपल्याकडं सोमवार सकाळचे साडेसहा. आठव्याचा तिसरा एपिसोड, रात्रीची ती मोठी लढाई. नागपुरात एप्रिलमधी साडेसहाले ऊन अंगणात आलेलं असते. स्क्रीनवर सारा अंधार, आमचीच तोंडं दिसून राह्यली होती. भावानं दोन्ही खिडक्यांवर गोधड्या बांधल्या. कूलरच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, तर कूलर बंद केला. घामानं भिजून आम्ही पाच जण ब्याऐंशी मिनिटं बसलो. आठ वर्षं ज्याची वाट पाह्यली तो बर्फाचा राजा एका सुरीच्या वारानं फुटला अन् संपला. कुणी बोललं नाही. आईनं चहा ठेवला, तो तसाच थंड झाला.

त्या सीझनसाठी पंधरा लाखांवर लोकांनी सह्या केल्या, नव्यानं बनवा म्हणून. ते सारे टिशासाठी रडत नव्हते.

त्र्याहत्तर भाग

मी वाचकांच्याही विरुद्ध आहे आणि आठव्या सीझनला शिव्या घालणाऱ्यांच्याही. कुणीतरी मालिकेच्या बाजूनं नीट बोलायला हवं.

धंतोलीकर, तुमची सगळी भिस्त टिरियनच्या मनात काय चाललंय यावर आहे. पुस्तकात प्रत्येक प्रकरण एका माणसाच्या डोक्यात बसून लिहिलेलं आहे, त्यामुळे लेखकाला मन फुकट मिळतं. कॅमेऱ्याला चेहरा आणि संवाद यावरच भागवावं लागतं. पण त्याच कॅमेऱ्याला पुस्तकाला बंद असलेल्या खोल्यांत जाता येतं.

पहिल्या सीझनचा पाचवा एपिसोड काढा. राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी दोघेच बसले आहेत, वाईनचे पेले आहेत. तो विचारतो, मोठा आकडा कोणता, पाच की एक? ती म्हणते पाच. तो एका हाताची पाच बोटं पसरतो, दुसऱ्या हाताची मूठ वळतो. एका माणसामागे उभं असलेलं सैन्य म्हणजे मूठ. मग बोलणं राज्यावरून त्यांच्या लग्नावर येतं, आणि सतरा वर्षांचा संसार किती पोकळ होता ते दोघं एकमेकांना शांतपणे सांगतात. हा प्रसंग पुस्तकात नाही, असूही शकत नव्हता. रॉबर्टच्या डोक्यातलं प्रकरणच कधी लिहिलं गेलं नाही, आणि सर्सीचं पहिलं प्रकरण यायला चौथं पुस्तक उजाडलं. तोवर रॉबर्ट केव्हाच मेला होता.

दुसऱ्या सीझनमधले टायविन आणि ओळख लपवून राहिलेली पोर आर्या यांचे प्रसंगही असेच. पुस्तकात आर्या तिथे दुसऱ्याच सरदाराची पेलेवाली आहे. मालिकेनं तिला टायविनसमोर उभं केलं. ज्याच्या घराण्यानं बापाचं डोकं उडवलं, त्याच माणसाला पोर पाणी देते आहे, आणि त्याला ती आवडू लागली आहे. पाचव्या सीझनमधलं हार्डहोम या किनाऱ्यावरच्या वस्तीतलं कत्तलकांड पुस्तकात फक्त एका पत्रातून कळतं. मालिकेत तोच बर्फाचा राजा हात वर करतो आणि किनाऱ्यावरची सगळी प्रेतं डोळे उघडतात. पार्श्वसंगीत थांबलेलं असतं. मी तेव्हा श्वास रोखला होता.

आणि लेखकाचं काय? पहिलं पुस्तक १९९६, तिसरं २०००. त्यानंतर कथेत पाच वर्षांची उडी मारायचा त्यांचा बेत होता, तो फसला. लिहिलेलं टाकून द्यावं लागलं. चौथं आलं २००५ला, पाचवं २०११ला. सहाव्याची वाट लोक अजून पाहत आहेत. म्हणजे सहाव्या सीझनपासून बनवणाऱ्यांच्या हातात पुस्तकच नव्हतं. ज्या गाठी स्वतः मार्टिन यांना सुटल्या नाहीत त्या दुसऱ्यांनी सोडवल्या, चुकतमाकत का होईना. मालिकेनं प्रेक्षकाला शेवट दिला. अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकापेक्षा तो मला प्रामाणिक वाटतो.

जेमीचं म्हणाल तर तो सातव्या सीझनच्या शेवटी सर्सीला सोडून निघतोच. नंतर परत जातो. दारू सोडलेला माणूस पुन्हा गुत्त्यावर जाताना मी घरात पाहिला आहे. कुठलंही वाक्य त्याला अडवत नाही.

धंतोलीचा वाचक

शेवटचं वाचून मी थोडा वेळ थांबलो. त्यावर वाद घालणार नाही.

रॉबर्ट-सर्सीचा प्रसंग मलाही मालिकेतला सर्वांत चांगला वाटतो. पण तो का जमला? बनवणाऱ्यांनी पुस्तकातली माणसं पूर्ण ओळखली होती, म्हणून न लिहिलेली खोलीही त्यांना दिसली. टिशा काढली तिथे त्यांना टिरियन दिसायचा थांबला. पाचव्या पुस्तकात हा माणूस भेटेल त्याला विचारत फिरतो, वेश्या कुठे जातात? बापाचं शेवटचं वाक्य त्याला सोडत नाही. तो दुष्ट होतो, किळसवाणा होतो, वाचताना त्याचा राग येतो. मालिकेनं त्याला गोड ठेवलं. गाजलेला नट आहे, लाडकं पात्र आहे, ते काळं कसं करायचं!

सक्करदरा भाऊ, घाई झाली हे मान्यच. पण घाई कशानं जमली? आतलं काही उरलं नव्हतं म्हणून. माणसाच्या मनात गाठ असती तर सहा एपिसोडांत संपवताच आली नसती.

महालची कमान

दोघांच्या मध्ये पडते. मी इतिहासाची आहे, म्हणून आपल्याच गावचं उदाहरण देते.

१८१६ला दुसरे रघूजी भोसले गेले. मुलगा परसोजी गादीवर आला, पण तो अधू. कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबांकडे. त्याच वर्षी मे महिन्यात अप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फेब्रुवारी १८१७मध्ये परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. गादी अप्पासाहेबांना. आणि २६ नोव्हेंबरला हेच अप्पासाहेब सीताबर्डीच्या टेकडीवर त्याच इंग्रजांशी लढले आणि हरले. पुढे पदच्युत, कैद, पलायन, आणि १८४०ला दूर जोधपूरला मृत्यू.

हे मी पाच ओळींत सांगितलं तर ऐकणारा म्हणतो, काय माणूस हा, दीड वर्षात एवढा कसा फिरला? पण तो एका दिवसात फिरलेला नाही. मधल्या प्रत्येक दिवशी इंग्रज रेसिडेंटचा दाब होता, पेशव्यांची पत्रं होती, वाड्यातली कुजबुज होती. ते दिवस सांगितले तर कुणालाच धक्का बसणार नाही.

डेनेरिसचं, त्या ड्रॅगनवाल्या राणीचं, तेच झालं. घंटा वाजल्या, राजधानीचं शहर शरण आलं, तरी तिनं ते जाळलं. ती तशी होऊ शकते, याच्या खुणा पहिल्या पुस्तकापासून आहेत. सातव्या-आठव्या सीझननं आपल्याला बखर दिली, दिवस दिले नाहीत. म्हणून मी सक्करदऱ्याच्या बाजूला जास्त झुकते.

पण वाचक मंडळी पुस्तकाला नेहमीच वरचढ समजतात, तेही खरं नाही. २०१८चं 'फायर अँड ब्लड' हे पुस्तक बखरीसारखंच आहे. साक्षीदार एकमेकांना खोटं पाडतात, आणि मन कुणाचंच दिसत नाही. त्यावरून २०२२ला 'हाउस ऑफ द ड्रॅगन' आली. तिच्या आठव्या एपिसोडमध्ये आजारानं कुजलेला राजा व्हिसेरिस काठी टेकत सिंहासनापर्यंत चालत येतो. डोक्यावरचा मुकुट पडतो. ज्या भावाशी जन्मभर वैर केलं तोच भाऊ खाली वाकून मुकुट उचलतो आणि त्याच्या डोक्यावर ठेवतो. पुस्तकातला व्हिसेरिस यापुढे कागदाचा वाटतो. मार्टिन यांनीही त्या नटाच्या कामाचं मोकळेपणानं कौतुक केलं आहे. बखरीला दिवस देणं टीव्हीला जमतं. तिथे दिले, इथे दिले नाहीत.

सक्करदरा चौक

ताई, बखर अन् दिवस, हेच मले म्हणायचं होतं.

मराठी मीडियम, प्रतापनगर

मी सगळ्यांचं वाचते आहे. माझं शिक्षण मराठीतून झालं. ही पुस्तकं हजार-हजार पानांची, तीही इंग्रजी. मालिका नसती तर ही दुनिया मला दिसलीच नसती. त्यामुळे 'पुस्तकात असं होतं' म्हटलं की दार तोंडावर लावल्यासारखं वाटतं. धंतोलीकर काका, नेमकं कोणतं प्रकरण ते सांगाल का? फक्त तेवढं वाचीन.

धंतोलीचा वाचक

तिसऱ्या पुस्तकात, टिरियनचं शेवटचं प्रकरण. पंधराएक पानं असतील. तुम्हाला तसं वाटलं असेल तर माझं लिहिताना चुकलं. अडलं की इथेच विचारा.

मराठी मीडियम, प्रतापनगर

चार संध्याकाळी लागल्या, शब्दकोश शेजारी घेऊन. वाचलं.

जेमी सांगतो तिथे टिरियन एक चापट मारतो आणि लंगडत निघून जातो, ते वाचून पोटात कालवलं. मालिकेतल्या मिठीपेक्षा हे खरं आहे. काका, तेवढं तुमचं मान्य.

पण एक विचारू का? तुम्ही म्हणता टिशा गाळली. त्या प्रकरणात तरी ती कुठे आहे? जेमी तिच्याबद्दल बोलतो, टिरियन बोलतो, बाप बोलतो. ती स्वतः एक शब्द बोलत नाही. नंतरच्या पुस्तकांत ती येते का? तुम्ही लिहिलंत त्यावरून टिरियन पाचव्या पुस्तकातही तिचा पत्ताच विचारत फिरतो आहे. आणि शे? तिला दोन्हीकडे तोच माणूस गळा आवळून मारतो, आणि आपण सगळे इथे त्याच्या जखमेबद्दल बोलतो आहोत. टिशाच्या हातात ती चांदीची नाणी मावेनात, बोटांतून निसटून जमिनीवर पडत होती. तो एपिसोड मी काल पुन्हा लावला, तंबूतला. टिरियन हे सांगतो तेव्हा शे त्याच्या समोर बसलेली आहे.

धंतोलीचा वाचक

नाही, ती कुठेच येत नाही. पाच पुस्तकांत एकदाही नाही. मी तिन्हीवेळा वाचताना हे मोजलं नव्हतं. तंबूतला तो प्रसंग आज रात्री पुन्हा पाहतो, या वेळी शे हिच्याकडे बघत.